अथेन्सचे घुबड

दिवेलागणीला घुबडाचे नाव काढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. मी मात्र अथेन्समध्ये चाळीस युरो मोजून एक घुबड विकत घेतले आणि त्यापायी दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत सौ. आणि मी एका सहलीबरोबर ग्रीसला गेलो होतो. अक्रोपोलिसच्या पायथ्याशी मोनास्तिराकी नावाची पेठ आहे. तेथल्या एका बोळात एका म्हाताऱ्याने मला हेरले आणि रुमालातून एक नाणे काढून हातावर ठेवले. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेना देवी. दुसऱ्या बाजूला तिचे घुबड, ऑलिव्हची डहाळी, चंद्रकोर आणि ‘अथे’ ही अक्षरे. चार द्राख्मांचे चांदीचे नाणे! आपल्या ‘दाम’ शब्दाचे मूळही या द्राख्मेतच; संस्कृतातल्या ‘द्रम्म’च्या वाटेने तो आपल्याकडे आला. मी नाणे पायरीवर टाकून पाहिले. खणकन वाजले. मराठीच्या प्राध्यापकाला आणखी काय हवे? खणखणीत नाणे!

रात्री जेवताना सहप्रवाशांपैकी एकाने सहज सांगितले, की सरकारी परवानगीवाचून प्राचीन वस्तू या देशाबाहेर नेता येत नाहीत. माझा घास घशातच अडकला. म्हणजे नाणे खरे असेल तर मी गुन्हेगार, आणि खोटे असेल तर मूर्ख!

“मूर्खच असू द्या हो,” सौ. म्हणाली, “त्याची आपल्याला सवय आहे.”

दुसऱ्या दिवशी नाण्यांचे संग्रहालय पाहायचे होते. ट्रॉय खणून काढणाऱ्या श्लीमानचा हा वाडा. अर्न्स्ट त्सिलर या वास्तुकाराने तो १८७८ ते १८८० या काळात बांधला. काचेमागे माझ्या घुबडाची सख्खी भावंडे बसलेली! मी खिशातले नाणे मुठीत घट्ट धरून मार्गदर्शक बाईंचा शब्द न् शब्द ऐकू लागलो.

बाई म्हणाल्या, “लोक देवीचे मुख पाहतात. पारखी आधी कड पाहतो.” जुनी नाणी ठोकून घडवीत. चांदीची चकती दोन ठशांमध्ये ठेवायची आणि वर हातोड्याचा घाव घालायचा. त्या घावाने कडेला चिरा पडत, चित्र एका बाजूला सरके. साच्यात ओतलेल्या बनावट नाण्यावर मात्र बुडबुड्यांच्या बारीक खळ्या राहतात, रेषा बोथट होतात, कडेला जोड दिसतो. लबाड माणूस तो कानसीने घासून टाकतो. वजनही पाहायचे. अस्सल घुबड सुमारे १७.२ ग्रॅमचे, म्हणजे दीड तोळ्याला किंचित कमी.

“आणि आवाज?” मी विचारले.

“त्यावर विसंबू नका. शतकानुशतके जमिनीत राहून चांदी ठिसूळ होते. तडा गेलेले खरे नाणेही बद्द वाजते.”

जन्मभर शिकवलेला वाक्प्रचार खाली कोसळला!

काही नाण्यांवर छिन्नीचा खोल घाव होता. आत तांबे तर नाही ना, हे त्या काळच्याच लोकांनी पाहिलेले. चांदीचा नुसता मुलामा दिलेली नाणी तेव्हाही होती. अथेन्सच्या अगोरात, म्हणजे जुन्या चौकात, १९७० साली एक शिलालेख सापडला. त्यावर इ. स. पू. ३७५च्या सुमाराचा कायदा कोरलेला आहे. सराफांच्या मेजांमध्ये एक सरकारी गुलाम पारखी म्हणून बसे. नाणे आतून तांब्याचे वा शिशाचे निघाले, तर त्याने ते तिथल्या तिथे कापायचे आणि देवमातेला अर्पण करायचे. त्याने मान्य केलेले नाणे व्यापाऱ्याने नाकारले, तर त्याचा त्या दिवसाचा माल जप्त. आणि पारख्याने काम चुकवले, तर त्यालाच पन्नास फटके!

माझ्या नाण्याची कड गुळगुळीत होती. पण हाताळून झिजली असेल, अशी मी मनाची समजूत घातली. ती रात्रही तळमळण्यात गेली.

तिसऱ्या दिवशी सौ.ने मला हाताला धरून त्याच बोळात नेले. म्हाताऱ्यापुढे दुसरे गिऱ्हाईक उभे होते. रुमाल उलगडला होता. आत घुबड! सौ.ने चष्मा चढवला, माझे नाणे त्याच्याशेजारी धरले आणि हळूच म्हणाली, “अहो, हे बघा. पंजापाशी हाच ओरखडा. कडेचा हा खड्डाही तोच. हाताने कळ्या पाडलेले दोन मोदक कधी सारखे होतात का? हे साच्यातले आहेत.”

मी कपाळावर हात मारला. एकाच ठशाची दोन नाणी असू शकतात. पण झीज, खड्डे आणि ओरखडेही तेच कसे असतील? दोन उत्तरपत्रिकांत तीच चूक त्याच ओळीत दिसली, की मी लगेच कॉपी ओळखतो. वीस वर्षांची ही विद्या येथे कशी आठवली नाही? कारण सरळ आहे. उत्तरपत्रिका खोटी निघाली तर माझे काही जात नव्हते. हे नाणे खरे असावे, अशी मात्र माझी फार इच्छा होती.

चाळीस युरो गेले. पण त्या रात्री स्वस्थ झोप लागली.

लक्ष्मीपूजनाच्या ताटात ते ठेवायला सौ.ने साफ नकार दिला. ते आता माझ्या कॉलेजच्या टेबलाच्या खणात असते. ‘खणखणीत नाणे’ हा वाक्प्रचार आला, की मी ते टेबलावर आपटतो. खणकन वाजते. मुले खूश होतात. मग मी नाणे पहिल्या बाकावर देतो आणि म्हणतो, “आता याची कड पाहा.”