पावणेतीनचा अलर्ट

गेले दोन शनिवार इथे काही लिहिलं नाही. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकला दोष देता आला असता, पण मी घरूनच काम करतोय. दोष एका इंटिग्रेशनचा आहे. आणि थोडा माझा.

तर मंडळी, आमच्याकडे दोन टूल्स आहेत. एक स्प्लंक. सर्व्हर, फायरवॉल, लॉगिन असे सगळीकडचे लॉग हा गोळा करतो आणि काही विचित्र दिसलं की बोंब मारतो. (हे नाव गुहांमधून हिंडण्यासाठी जो इंग्रजी शब्द आहे, त्यावरून आलंय. रात्री लॉग वाचताना अगदी पटतं.) दुसरं सेलपॉइंट. कोण कुठल्या टीममध्ये आहे, कोणाला कशाचा ॲक्सेस आहे, तो कोणी मंजूर केला, कोण सोडून गेलं, हा सगळा हिशोब त्याच्याकडे. दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती.

आमच्या वाघबीळच्या सोसायटीतही हेच आहे. गेटवरचे काका येणारा-जाणारा प्रत्येक माणूस बघतात. पण कुठल्या भाडेकरूचं ॲग्रीमेंट संपलं ते सोसायटी ऑफिसातल्या फायलीत. फाइल गेटवर येत नाही आणि काका ऑफिसात जात नाहीत. त्यामुळे मार्चमध्ये फ्लॅट सोडून गेलेला एक मुलगा जूनपर्यंत आमच्या जिममध्ये येत होता. काका त्याला रोज सलाम ठोकायचे!

ही ओळख करून देण्याचं काम माझ्याकडे आलं. तसं सोपं आहे. सेलपॉइंटमध्ये एपीआयसाठी एक क्लायंट बनवायचा, त्याला फक्त वाचण्यापुरते हक्क द्यायचे, आणि स्प्लंकने दर पाच मिनिटांनी विचारायचं, "काय नवीन?" पहिले दोन दिवस सगळ्या नोंदी साडेपाच तास मागे दिसत होत्या, कारण एकजण यूटीसीमध्ये बोलत होता आणि दुसरा भारतीय वेळेत. हा घोळ प्रत्येक इंजिनिअर आयुष्यात एकदा घालतोच. माझा चौथ्यांदा.

तिसऱ्या दिवशी पहिला मासा गळाला लागला. कॉन्ट्रॅक्ट संपून चार महिने झालेला एक माणूस रोज पहाटे लॉगिन करत होता. मी हर्षवायू व्हायच्या बेतात. चौकशी केल्यावर कळलं, तो बिचारा कधीच गेलाय, दुसऱ्या एका टीमच्या स्क्रिप्टमध्ये त्याचा पासवर्ड तसाच राहिला होता.

मग मी उलटी वाटही बांधली. स्प्लंकला संशय आला की सेलपॉइंटने ते खातं ताबडतोब बंद करायचं. कोणालाही न विचारता. कारण माझ्या डोक्यात कॉसमॉस बँक होती. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या या बँकेच्या ग्राहकांची क्लोन केलेली कार्डं घेऊन २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. सोमवारी आणखी जवळपास १४ कोटी स्विफ्टवरून हाँगकाँगला गेले. बँकेचं एकूण नुकसान सुमारे ९४ कोटींचं. चोरांनी मालवेअर घुसवून एक खोटा स्विच उभा केला होता. एटीएमकडून आलेली विचारणा बँकेच्या मूळ सिस्टिमपर्यंत पोचतच नव्हती, हा मधल्यामध्येच 'द्या पैसे' म्हणत होता. खात्याचा हिशोब ज्याच्याकडे, त्याला कोणी विचारलंच नाही. आणि तेही वीकेंडला, माणसं घरी असताना. म्हणून माझा आग्रह, माणसाची वाट बघायचीच नाही. गुणांची पद्धत ठेवली. अवेळी लॉगिन, इतके गुण. नवीन मोबाइल, इतके. सुट्टीवर असताना लॉगिन, सगळ्यात जास्त.

शुक्रवारी रात्री पावणेतीनला पहिली खरी शिकार झाली. अलर्ट आला, खातं बंद, ईमेल, मेलबॉक्स, एचआर पोर्टल सगळं एका फटक्यात. मी सकाळी उठून रिपोर्ट पाहिला आणि स्वतःवर खूश होऊन चहा टाकला.

ते खातं आमच्याच टीममधल्या एकाचं होतं. डोंबिवलीला राहतो. वडिलांना छातीत दुखायला लागलं म्हणून रात्री कल्याणला हॉस्पिटलात नेलं होतं. संध्याकाळपासून सुट्टी टाकलेली. मेडिक्लेमचं कार्ड एचआर पोर्टलवर, म्हणून बायकोच्या मोबाइलवरून लॉगिन केलं. अवेळ, नवीन मोबाइल, सुट्टी. पैकीच्या पैकी. कार्ड मिळेना, काउंटरवरचा माणूस डिपॉझिटशिवाय ऐकेना. हेल्पडेस्कने तिकीट काढलं, 'सोमवारी बघू' असं. शेवटी मेव्हण्याने आणि शेजाऱ्यांनी जीपेवर पैसे पाठवले.

वडील आता बरे आहेत. मी फोन केला तेव्हा तो हसलाच आधी.

"म्हणजे तुझं टूल चालतंय तर!"

"सॉरी यार."

"अरे सॉरी काय... पण तुझ्याकडे माझा मोबाइल नंबर होता ना सिस्टिममध्ये? एक फोन करून विचारायचंस."

होता. सेलपॉइंटमध्ये, दुसऱ्याच ओळीत. आधी स्प्लंकला तो सुट्टीवर आहे हे माहीतच नसतं, त्यामुळे तो निवांत लॉगिन झाला असता. मी दोघांची ओळख करून दिली ती नेमकी त्याच्यावर संशय घ्यायला.

सोमवारी मॅनेजरशी वाद झाला. त्यांचं म्हणणं, आहे तसंच ठेव. सर्ट-इनच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, तेव्हा फोन कोण करत बसणार. त्यांचं अगदीच चूक नाही. शेवटी असं ठरलं की सर्व्हरची ॲडमिन खाती आणि पैशांच्या सिस्टिमची खाती लगेच बंद होतील. बाकीच्यांचं सेशन तोडायचं, दुसऱ्यांदा ओळख पटवायला सांगायचं, आणि ज्याची ऑन-कॉल ड्युटी असेल त्याने त्या माणसाला फोन करायचा. मेडिक्लेमचं कार्ड तर लॉगिनच्या बाहेर, ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर आधीच पाठवायला एचआरला सांगितलंय. अजून उत्तर नाही.

पहिल्या आठवड्याची ऑन-कॉल ड्युटी अर्थातच माझी. काल रात्री दोनला एका मॅडमना फोन केला, त्या अमेरिकेत मुलीकडे गेल्या होत्या आणि मेल बघत होत्या. "इतक्या रात्री जागा कशाला राहतोस रे?" म्हणून मलाच ओरडल्या.