पहिली लाट सोडायची

वेलिगामाच्या उपसागरात तळाला वाळू आहे, म्हणून नवशिक्यांची इथे रीघ लागते. पडलं तरी फार तर नाकातोंडात पाणी जातं. जवळच्या मिदिगामाला तळाशी प्रवाळखडक, तिथली लाट एकदम उभी राहून फुटते. इथली सावकाश ढासळत किनाऱ्याला येते. श्रीलंकेच्या या दक्षिण किनाऱ्यावर सर्फिंगचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. तेव्हा वारा बहुतेक जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि लाटेचा माथा विस्कटत नाही. मे महिन्यात नैर्ऋत्येचा वारा पाणी ढवळायला लागला, की पाठीवर पिशवी घेऊन हिंडणारी आमची सगळी जमात पूर्वेला अरुगम बेकडे सरकते.

पाण्यात उतरावं ते उजाडताच. मतलई वारा असतो, पाणी गुळगुळीत असतं. उन्हं चढली की खारं वारं सुटतं, पाण्यावर चुण्या पडतात आणि भाड्याच्या फोमच्या आठ-नऊ फुटी फळ्या एकमेकींवर आदळायला लागतात.

सर्फिंगमध्ये उभं राहण्याचे क्षण थोडेच. बाकी सगळा वेळ फळीवर बसून क्षितिजाकडे बघण्यात जातो. मला तोच भाग जास्त आवडायला लागलाय. इथल्या लाटा जन्मतात दूर दक्षिणेला, चाळीस-पन्नास अक्षांशांच्या वादळी पट्ट्यात, आणि पाच-सहा दिवस प्रवास करून इथे पोचतात. वाटेत त्यांची निवड होते: लांब पल्ल्याच्या पुढे निघतात, आखूड मागे पडतात आणि विरतात. दोन लाटांमध्ये बारा-चौदा सेकंदांचं अंतर असेल तर समजावं, पाहुण्या लांबून आल्यात. त्या येतात घोळक्याने. आधी दूरवर एक काळपट रेघ दिसते, मागे दुसरी.

घोळक्यातली पहिली लाट मी सोडते. तिच्यामागे धावून जो पडतो, तो फेसातून डोकं वर काढतो तेव्हा दुसरी आणि तिसरी त्याच्याच अंगावर येत असतात. शिवाय पहिली गेली की पुढची कुठे फुटेल याचा अंदाज येतो. दरम्यान प्रवाह आपल्याला नकळत बाजूला नेत असतो, म्हणून किनाऱ्यावर खूण धरून ठेवायची. माझी खूण ताप्रोबेन बेट. 1920च्या दशकात स्वतःला काउंट म्हणवणाऱ्या एका फ्रेंच माणसाने त्यावर घर बांधलं, पुढे अमेरिकन लेखक पॉल बोल्सने ते विकत घेतलं. घर बघायची मला कधी ओढ वाटली नाही, पण बेट आणि त्यामागची माडांची रांग यांच्यातली फट रुंदावली की मी हात मारून जागेवर परत येते.

आणि मग एक लाट निवडायची. फळीची शेपटी उचलली गेली की थांबायचं नाही, आणखी दोन-तीन जोरदार हात मारायचे आणि उठताना पायांकडे न बघता जायचंय तिकडे बघायचं.

शिकवण्या घेणारी मुलं मागून फळी ढकलतात. माणूस उभा राहतो, फोटो निघतो, आनंद खराच असतो. पण लाट निवडलेली असते त्या मुलाने. महिनाभर असं ढकलून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत; एकटी सोडली की तासभर नुसती तरंगतात.

फुटणाऱ्या माथ्याच्या जो सर्वांत जवळ, लाट त्याची, हा पाण्यातला नियम. वेलिगामात तो बहुतेकांना माहीतच नसतो, त्यामुळे भांडणं होतात आणि ओळखीही. हॉस्टेलवर सगळे तेच विचारतात: कुठली, किती दिवस, पुढे कुठे? पाण्यात कोणी विचारत नाही. मला 'अक्का' म्हणणारा एक स्थानिक पोरगा आणि पोलंडची एक परिचारिका, यांना मी आधी ओळखायला लागले ते कोण कुठली लाट सोडतं यावरून. नावं नंतर कळली.

संध्याकाळी आम्ही तिघं कोत्तूच्या टपरीवर. तव्यावर दोन पात्यांनी रोटी, अंडं, भाजी चिरण्याचा खडखडाट इतका की ओरडून बोलावं लागतं. वाद चालला होता सकाळच्या एका लाटेवरून. ती परिचारिका तिच्यावर हक्क सांगत होती आणि पोरगा मान्य करत नव्हता. मी पोराच्या बाजूने होते. बोलता बोलता तिने फोनवर उद्याचा अंदाज काढला: लाटांमधलं अंतर चौदा सेकंद, वारा मंद. सकाळच्या गाडीने ती डोंगरात एलाला जाणार होती. तो बेत तिने तिथेच रद्द केला आणि मला बजावलं, की उद्या दुसरी लाट तिची. मी म्हटलं, आधी माथ्याजवळ येऊन बस.