फूड प्रोसेसर आणि काठवट

सरकारी कचेरीत खरेदी म्हटली की तीन कोटेशने आणि एक तुलनात्मक तक्ता. ही सवय अंगात इतकी मुरली आहे की सासूबाईंसाठी फूड प्रोसेसर घ्यायचे ठरले तेव्हाही मी रीतसर तक्ताच केला!

माझी सासुरवाडी मन्नाएखेळ्ळीची. बिदर जिल्ह्यात, सोलापूरहून हैदराबादकडे जाताना हुमनाबादच्या पुढे. घरात मराठी, दारात कानडी. सासूबाईंचे उजवे मनगट दुखू लागले होते आणि डॉक्टरांनी पीठ मळणे बंद करायला सांगितले होते. घरात खाणारी सात माणसे. मेहुण्याचा फोन आला, "दाजी, मशीन तुम्हीच बघा."

तक्त्यात मोटरचे वॅट, भांड्याचा आकार, दुरुस्तीचे केंद्र किती लांब, असे रकाने पाडले. एक गोष्ट कळली. भांडे किती लिटरचे यापेक्षा एका वेळी किती पीठ मळता येते ते पुस्तिकेत पाहावे. दोन्ही आकडे वेगळे असतात. अर्धा किलो कणीक मळणारे यंत्र निवडले आणि दिवाळीत घेऊन गेलो.

प्रात्यक्षिक झकास झाले. झाकणावरच्या नळीतून पाणी हळूहळू सोडले, दीड-दोन मिनिटांत गोळा जमला, लगेच यंत्र थांबवले. जास्त फिरवले तर कणीक तापते आणि मोटरही कण्हू लागते. सगळे खूश. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "चांगलंय की. पण जावईबापू, पोळ्या आमच्यात सणावाराला. रोज भाकरीच असती."

माझ्या तक्त्यात ज्वारीचा रकानाच नव्हता!

आपण गोंयकार. पाव-पोई पोदेर दारात आणून देतो, त्यामुळे रोज पीठ मळण्याचा हिशेब आपल्या डोक्यात येत नाही. पण तांदळाची भाकरी आपल्याकडेही होते आणि तिला गरम पाणी का लागते हे आपल्या आयांना ठाऊक असते. गव्हात ग्लुटेन असते. मळताना त्याचे जाळे तयार होते आणि कणीक ताणली जाते. ज्वारीत ते नाही. तिथे गरम पाण्याने पिठातला स्टार्च चिकट होतो, त्यावरच भाकरी तगते. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी फाटते.

तरी हट्टाने ज्वारीचे पीठ यंत्रात घातले, वर कढत पाणी ओतले. निम्मे भांड्याला चिकटले, निम्मे पात्याखाली बसले. कसाबसा काढलेला गोळा पाचव्या भाकरीपर्यंत कोरडा पडला आणि कडा चिरल्या.

सासूबाईंनी न बोलता काठवट ओढली. एका भाकरीपुरते पीठ घेऊन तळहाताच्या टाचेने रगडू लागल्या. तेव्हा उमगले की यंत्र घाऊक काम वाचवते आणि भाकरीचे पीठ तर एकेका भाकरीपुरते, थापायच्या आधी मळावे लागते. प्रत्येक रगड्याला त्यांचे ओठ घट्ट मिटत होते. किती महिने हे असे चालले होते कोण जाणे! चुलीपुढची जागा सोडावी लागेल म्हणून दुखणे कोणाला सांगितले नव्हते.

बायको म्हणाली, "आई, थापायला तूच बस. मळून हे देतील."

मी बाह्या सरसावल्या. थापायला कसब लागते, ते माझ्याकडे नव्हते. पण रगडायला जोर लागतो, आणि तो घरातल्या कोणाच्याही हातात असतो. पहिल्या दोन भाकऱ्या तव्यावर टाकतानाच मोडल्या. त्या मीच खाल्ल्या. तिसरी टम्म फुगली.

निघताना काठवट मेहुण्याच्या पुढ्यात ठेवून आलो. फूड प्रोसेसर वाया गेला नाही, पुरणपोळीच्या दिवशी निघतो. परवा संध्याकाळी फोन केला तेव्हा मेहुणा घाईत होता, हाताला पीठ लागलेले. मागून सासूबाईंचा आवाज येत होता, "फोन ठिव आन् अजून रगड!"