सोनोग्राफीच्या टेबलावर रुग्णाचा वाटा

सोनोग्राफी यंत्र करते आणि रुग्णाने केवळ निमूट पडून राहायचे असते, असा समज सर्वत्र आढळतो; प्रत्यक्षात पडद्यावर उमटणाऱ्या प्रतिमेचा दर्जा बऱ्याच अंशी रुग्णाच्या पूर्वतयारीवर, त्याच्या श्वासावर आणि त्याने दिलेल्या माहितीवर अवलंबून असतो. मानवी कानाला साधारणपणे २०,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो, तर या तपासणीत बहुधा २ ते १५ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला वीस लाख ते दीड कोटी कंपनांच्या लहरी वापरल्या जातात. डॉक्टरांच्या हातातील प्रोबमध्ये, म्हणजे शरीरावर फिरवण्याच्या उपकरणात, विजेचे रूपांतर कंपनात आणि कंपनाचे पुन्हा विजेत करणारे घटक बसवलेले असतात. हा गुणधर्म प्येर आणि ज्याक या क्युरी बंधूंनी १८८०-८१ मध्ये स्फटिकांत दाखवून दिला होता. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनप्रमाणे येथे किरणोत्सर्ग नसतो, त्यामुळे गर्भवतीचीही तपासणी याच पद्धतीने केली जाते.

या लहरींचा मोठा अडथळा म्हणजे हवा. त्वचा आणि प्रोब यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी लहरी तेथूनच परततात, म्हणून अंगावर शहारा आणणारी ती गार जेली लावावी लागते. पोटाच्या तपासणीपूर्वी सहा ते आठ तास उपाशी राहण्यास सांगितले जाते, त्यामागेही आतड्यांतील वायू कमी असावा हे एक कारण असते. दुसरे, अधिक महत्त्वाचे कारण असे की अन्न पोटात जाताच पित्ताशय आकुंचन पावते आणि त्यातील खडे पाहणे अवघड होते. उपाशी राहायचे असले तरी चहा चालेल, अशी सोयीस्कर समजूत अनेक घरांत असते, परंतु दुधाच्या चहातील स्निग्धांश पित्ताशयाला जागे करण्यास पुरेसा ठरू शकतो. मधुमेहाच्या रुग्णाने गोळ्या किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद न करता डॉक्टरांना आधी विचारावे आणि सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी.

गर्भाशय, अंडाशय किंवा प्रोस्टेट पाहण्यासाठी उलट मूत्राशय भरलेले लागते, कारण लघवीने फुगलेले मूत्राशय वायूने भरलेली आतडी बाजूला सारते आणि लहरींना आत जाण्यासाठी मोकळी वाट देते. लघवी दाबून प्रतीक्षागृहात बसणे हा या तपासणीतील सर्वांत त्रासदायक भाग असतो. कळ असह्य झाल्यास संकोच न करता सांगावे. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाला लघवी करून आल्यावर पुन्हा टेबलावर बोलावले जाते, ते मूत्राशयात किती लघवी शिल्लक राहते हे मोजण्यासाठी. काही चुकले म्हणून नव्हे. योनीमार्गातून करावयाच्या तपासणीत मात्र मूत्राशय रिकामे असावे लागते. ही तपासणी संमतीशिवाय होत नाही, प्रोबवर नवे आवरण घातले जाते, आणि खोलीत स्त्री कर्मचारी असावी अशी मागणी करणे पूर्णपणे रास्त आहे.

‘श्वास आत घ्या, रोखा’ ही सूचना वारंवार येते, कारण खोल श्वासाबरोबर यकृत बरगड्यांखालून खाली सरकते. कुशीवर वळवले जाते, कारण पित्ताशयातील सुटा खडा जागा बदलतो, तर भिंतीला चिकटलेला कोंब, म्हणजे पॉलिप, बदलत नाही. या काळात डॉक्टर मध्येच गप्प होतात, चित्र थांबवतात, मोजमाप घेतात, आणि रुग्णाच्या मनात नेमकी तेव्हाच शंकेची पाल चुकचुकते. परंतु निरोगी अवयवही मोजावेच लागतात. रक्तप्रवाह पाहणाऱ्या डॉप्लर तपासणीत दिसणारा लाल-निळा रंगही असाच घाबरवतो. प्रोबच्या दिशेने येणारे रक्त सहसा लाल आणि दूर जाणारे निळे दाखवण्याची ती रीत आहे. शुद्ध-अशुद्ध रक्ताशी तिचा संबंध नाही.

गर्भवतीच्या बाबतीत कायद्याचाही भाग येतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला, म्हणून सोनोग्राफी केंद्रावर गर्भलिंगनिदान होत नसल्याचा फलक असतो आणि प्रत्येक गर्भवतीसाठी ‘एफ’ अर्ज भरला जातो, ज्यात गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नसल्याचे तिचे घोषणापत्रही असते. ही निव्वळ कागदी कटकट नव्हे. तो कायदेशीर दस्तऐवज असल्याने वाचूनच सही करावी. गर्भाच्या तपासणीला मर्यादाही असतात: साधारणपणे अठराव्या ते विसाव्या आठवड्यात होणाऱ्या व्यंगशोधक तपासणीतही प्रत्येक दोष दिसतोच असे नाही.

हाडे आणि वायू यांच्यापलीकडचे या लहरींना दिसत नाही, शिवाय जाड चरबीच्या थरातून त्या क्षीण होत जातात. त्यामुळे सामान्य अहवाल आल्यावरही दुखणे कायम राहिल्यास पुन्हा डॉक्टरांकडे जावे. आधीच्या शस्त्रक्रिया तपासणीपूर्वीच सांगाव्यात, आणि जुने अहवाल फेकून न देता सोबत न्यावेत, कारण गाठ वाढली की तेवढीच राहिली हे आधीच्या मापाशी ताडूनच सांगता येते.