कळसूबाईची एटीकेटी

मरोळमध्ये वाढलेल्या माणसाचा डोंगराशी संबंध काय, तर सोसायटीची लिफ्ट बंद पडली की चढायचे पाच मजले! त्यातून मी पडलो कॉन्व्हेंटवाला. कळसूबाई मला इंग्रजीतूनच पाठ होती: हायेस्ट पीक इन महाराष्ट्र, 1646 मीटर. बस्स.

परीक्षा संपली आणि हॉस्टेलचे तीन नग आमच्या घरी मुक्कामाला आले. नावं कशाला, ब्रँचच सांगतो. मेकॅनिकल (वजन जास्त, उत्साह त्याहून जास्त), सिव्हिल, आयटी आणि मी इलेक्ट्रिकल. पहाटे मरोळ नाक्याहून मेट्रोने घाटकोपर, तिथून कसारा लोकल, मग जीपने घोटीमार्गे बारी. हे पायथ्याचं गाव अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात येतं. जीप भरल्याशिवाय हलेना. चढायला लागलो तेव्हा सव्वादहा वाजून गेले होते. महिना मे.

आपल्याला शिकवतात, दर 1000 मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. हे पुस्तकातल्या हवेला ठाऊक असेल, पण तापलेल्या कातळाला कोण सांगणार! गवत वाळून पिवळं, सावलीला झाड नाही. लोखंडी शिड्यांचे कठडे तर तव्यासारखे. रुमाल गुंडाळून धरावे लागत होते.

शेवटच्या शिडीच्या अलीकडे मेकॅनिकल अचानक खाली बसला. चेहरा पांढराफटक, अंग घामाने गार, पायात गोळे. "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच," म्हणाला. हेच वाक्य त्याने अर्ध्या मिनिटात तीनदा म्हटलं, तेव्हा मात्र आमची टरकली. एक लिटर घाम वाळताना शरीरातली जवळजवळ 2400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, हे गणित मी पेपरात सोडवलं होतं. समोर मित्राचं शरीर तेच गणित सोडवत होतं आणि त्याच्याकडचं पाणी संपत आलं होतं.

एक जण पुढे, एक मागे, एक बाजूला, असं धरून त्याला थोडं खाली, सरबत विकणाऱ्या मावशींच्या झापाखाली आणलं. मावशींनी एकदाच बघितलं. "ऊन बाधलंय पोराला. बूट काढा त्याचे." ओलं फडकं मानेवर, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घोटाघोटाने. मी पैसे काढले तर म्हणाल्या, "सरबताचं दे. पाण्याचं नगं." ते पाणी त्यांनी पहाटे हंड्यातून डोक्यावर वर आणलं होतं.

तासाभराने मेकॅनिकल शिव्या द्यायला लागला, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. मग खरा प्रश्न आला. वरचं देऊळ समोर दिसत होतं. आयटी म्हणाला, "दोघं पटकन जाऊन येऊ, दोघं थांबा." गणित चुकीचं नव्हतं. पण सिव्हिलने बाटल्या मोजल्या. चौघांत मिळून दीड लिटर. वर जाणारा ते पिणार, म्हणजे याला उतरवताना काय उरणार? आणि शिड्यांवरून त्याला उतरवायला तिघं लागतात, हे आत्ताच कळलं होतं. आयटीने एकदा देवळाकडे बघितलं आणि बॅगेचा पट्टा सोडला. त्याच्यावर कोणीच काही बोललं नाही.

मावशी म्हणाल्या, "आई कुठं पळून चाललीय व्हय? दिवाळी झाली की या." मग त्यांनी कळसूची गोष्ट सांगितली. भांडी आणि केरवारा करणार नाही, अशी अट घालून कामाला राहिलेली पोर. ती अट मोडली तेव्हा घर सोडून डोंगरावर आली, ती कायमचीच. मला आवडली ती गोष्ट. पाठ केलेल्या उत्तरात हे कुठेच नव्हतं.

ऊन कलल्यावर उतरलो. मेकॅनिकल खाली येईपर्यंत चारदा "सॉरी" म्हणाला. पाचव्यांदा सिव्हिलने त्याला गप्प केलं.

मित्रांनो, उन्हाळ्यात जायचंच असेल तर उजाडण्याआधी चढायला लागा, माणशी चार लिटर पाणी आणि ओआरएस घ्या. ग्रुपमधला कोणी बरळायला लागला, घाम थांबून अंग तापलं, तर तो उष्माघात. तिथे थांबायचं नाही. अंगावर पाणी ओतत थेट डॉक्टर गाठायचा.

आमच्याकडे शिखरावरचा फोटो नाही. हॉस्टेलमध्ये सगळे चिडवतात, "कळसूबाईत केटी लागली!" लागली खरी. पण एटीकेटीचा अर्थ आपल्याइतका कोणाला माहीत असणार? एक विषय राहिला तरी टर्म पुढे चालू राहते. आमची चौघांची चालू आहे. विषय नोव्हेंबरमध्ये काढू!