रात्रभर ऐकणारा कान

झाडीपट्टीत माणसाचा कान लहानपणीच लांब पल्ल्याचा होतो. धान घरात आले, भाऊबीज झाली, की गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावोगावी बैलांच्या शर्यतींचे शंकरपट भरतात आणि रात्री नाटकाचा मांडव उभा राहतो. दंडारीसारखे लोकनाट्य असो की वडशाच्या नाटक कंपनीचे नाटक, रात्र सरेपर्यंत लोक जागचे हलत नाहीत. पेटी सूर धरते, तबला चढतो, गाणे थांबून संवाद येतो, हशा पिकतो, पुन्हा गाणे उसळते. अशा रात्रींवर वाढलेल्या मला सत्तरच्या दशकातला प्रोग्रेसिव्ह रॉक परका वाटला नाही. रेकॉर्डची अख्खी बाजू व्यापणारी रचना, तिच्यात मोडणारा ताल, अवचित बदलणारी चाल, पुढे सरकणारी कथा. वाद्ये नवी होती, ऐकण्याची सवय जुनीच.

पिंक फ्लॉइड, येस, जेनेसिस ही नावे सर्वतोमुखी आहेत. माझा जीव जडला तो फारशा न गाजलेल्यांवर. रोमच्या बांको देल मुतुओ सोक्कोर्सो या बँडची पहिली रेकॉर्ड १९७२ची. तिचे वेष्टनच मातीच्या गल्ल्याच्या आकाराचे. व्हित्तोरिओ आणि जान्नी नोचेन्झी हे दोघे भाऊ पियानो-ऑर्गनवर एकमेकांना जाब विचारतात आणि फ्रांचेस्को दि जाकोमोचा भरदार आवाज त्यांच्यावरून तरंगत जातो. त्याच वर्षीच्या ‘डार्विन!’मध्ये त्यांनी सजीवांच्या उत्क्रांतीची कथा गायली. इटलीच्याच मुझेओ रोझेनबाख या बँडचा ‘झरथुस्त्र’ १९७३चा. त्यातले मेलोट्रॉन ऐकताना अंगावर काटा येतो. या वाद्याच्या प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा असतो. पट्टी दाबली की तो सरकू लागतो आणि काही सेकंदांत संपतो, म्हणून सुरात कायम एक हुरहुर राहते. पोलंडच्या चेस्वाफ निएमेनने १९७०च्या ‘एनिग्मॅटिक’मध्ये कवी नॉर्विदची शोककविता समूहस्वर आणि हॅमंड ऑर्गनसह पंधरा मिनिटांहून अधिक फुलवली. फ्रान्सच्या ‘माग्मा’ या बँडने तर गाण्यासाठी स्वतःची भाषाच घडवली.

रॉकची बाजारपेठ इंग्रजीची होती, तरी ही माणसे आपल्या बोलीला धरून राहिली. मला शब्द कळत नाहीत. त्यांच्या मागची माती मात्र कळते.

मग मन मुंबईकडे वळते. १९७० आणि १९७१ साली ‘सिमला बीट’ या रॉक स्पर्धेतल्या भारतीय बँडच्या रेकॉर्ड निघाल्या. पुढे मुंबईच्या ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’चा ‘ऑब्सेशन ७७’ हा एकच अल्बम आला. काही दशकांनी परदेशी संग्राहकांनी तो शोधून पुन्हा प्रकाशात आणला. तो काटेकोर अर्थाने प्रोग्रेसिव्ह नाही, पण धाडस त्याच जातीचे. या बँडचा एक गायक नंदू भेंडे, आत्माराम आणि आशा भेंडे या नाट्यवेड्या दांपत्याचा मुलगा. अलेक पदमसींच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये १९७४ साली त्याने जुडास रंगवला. १९७८मध्ये पुलंनी ब्रेख्तच्या नाटकावरून केलेल्या ‘तीन पैशाचा तमाशा’त तो अंकुश झाला आणि रॉकमध्ये मुरलेला तो गळा मराठीत गाऊ लागला. जब्बार पटेलांच्या त्या प्रयोगात लावणी, नाट्यसंगीत आणि रॉक एकाच मंचावर सुखाने नांदले. २०१४ साली नंदू गेला. त्याने उघडलेल्या वाटेवर पुढे फार थोडे चालले, याचे मला मनापासून दुःख आहे.

आज झाडीपट्टीच्या मंचावर पेटीशेजारी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले आहेत. ते वाजवणाऱ्या पोरांना माझे आग्रहाचे सांगणे आहे: एकदा ‘डार्विन!’ आरंभापासून शेवटापर्यंत सलग ऐका. आणि मग धानाच्या बांधीवर, नवेगावच्या तलावावर, आपल्या झाडीबोलीत वीस मिनिटांची एक रचना बांधा. पहाटेपर्यंत बसून ऐकणारे श्रोते तुमच्या गावात आहेतच.