मोटारीचा ताप

मनुष्यदेहाची उष्णता ठरावीक अंशांवर राहावी, अशी योजना निसर्गाने केली आहे. मोटारीच्या इंजिनात हेच काम एक मुठीत मावणारी झडप करते. तिला थर्मोस्टॅट म्हणतात. इंग्लंडात शेफिल्ड येथे राहणाऱ्या माझ्या मामांनी १९६७ साली बनलेली एम.जी.बी. ही दोन आसनांची स्पोर्ट्‌स मोटार मोठ्या हौसेने जतन केली आहे. गेल्या नाताळात मी त्यांच्याकडे असताना ही झडप बदलण्याचा प्रसंग आला आणि नवी कोणती घ्यावी, यावर घरात चांगलाच वाद रंगला.

या झडपेची रचना मोठी मौजेची आहे. एका बंद डबीत मेण भरलेले असते. इंजिनाभोवतीचे पाणी तापले की मेण वितळून फुगते, स्प्रिंगचा जोर मोडून झडप उघडते आणि पाणी निवण्यासाठी रेडिएटरकडे धावते. पाणी निवताच मेण आळते व स्प्रिंग झडप मिटवते. मामांची जुनी झडप उघडीच अडकून बसली होती. त्यामुळे कित्येक मैल चालूनही इंजिन धड तापत नसे व हीटरमधून कोमट वारा तेवढा येई. मामींची बोटे संधिवाताने आखडलेली. कापडी टपाच्या त्या गाडीतून, सुमारे ५१० मीटर उंचीचा स्नेक पास ओलांडून मँचेस्टरला बहिणीकडे जाणे त्यांना नकोसे झाले होते. “यापुढे ही गाडी तुम्ही एकट्यानेच फिरवा,” असे त्यांनी स्पष्ट सांगून टाकले.

या गाडीसाठी तीन झडपा मिळतात: नेहमीसाठी ८२ अंश सेल्सिअसची, उष्ण देशांसाठी ७४ ची व कडक थंडीसाठी ८८ ची. मामांचा ओढा ७४ कडे. जुने इंजिन जितके थंड तितके बरे, हा त्यांचा समज. शेजारचे गृहस्थ तर झडपच काढून टाका म्हणत! मला हे दोन्ही पटेना. झडप फक्त किमान उष्णता ठरवते. ती पूर्ण उघडल्यावर पुढचा भार रेडिएटर, पंखा व पंप यांच्यावर असतो. घाटात पाणी उकळत असेल, तर ७४ च्या झडपेने ते थांबणार नाही. उलट इंजिन सदा थंड राहिले, तर तेलात पेट्रोल व ओलावा साचून आतील भाग लवकर झिजतात.

“आणि उन्हाळ्यात?” मामांनी विचारले. मामी म्हणाल्या, “तेव्हा ८२ ची बसवा. तीन नट तर सोडवायचे!”

दोन्ही झडपा आणल्या. ८८ ची पातेल्यातील पाण्यात दोरीने टांगून, थर्मामीटर धरून, आम्ही चुलीपाशी उभे राहिलो. ८७ च्या सुमारास ती किलकिली झाली. पूर्ण उघडण्यास मात्र पाण्याला आधण यावे लागले. मग मेणाची डबी इंजिनाकडे करून व नवा कागदी गॅस्केट घालून मामांनी ती बसवली.

रविवारी आम्हांला निरोप देऊन दोघे निघाले. मँचेस्टरहून मामांचा दूरध्वनी आला. घाटमाथा येण्यापूर्वीच मामींनी हातमोजे काढले होते आणि वाटेत संत्रे सोलून त्या मामांना एकेक फोड देत होत्या.